माझी मर्जी कुठपर्यंत होती

डॉक्टरीणबाईंनी मधला पडदा ओढलाच नाही.

मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून हळू आवाजात सांगत होते. लघवीला आग होते. ओटीपोटात दुखतं. अंगावरून पिवळट जातं, वास येतो. त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "शादी हुई?"

"नहीं."

"फिर?"

या 'फिर'ला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, एक जण होता, आता नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कहाँ मिला था?"

मी खरं सांगितलं. डेटिंग ॲपवर. डॉक्टरला खरं सांगायचं असतं, नाहीतर औषध चुकतं, असं मला वाटत होतं.

त्यांचा आवाज चढला. "पहले मोबाइल पे घूमेंगी, फिर बीमारी लेके हमारे यहाँ आएँगी. ये शरीफ घरों की औरतों का क्लिनिक है." उघड्या पडद्यापलीकडे बाकांवर पोटुशा बायका बसलेल्या, त्यांच्या सासवा बसलेल्या. सगळ्यांच्या माना वळल्या.

त्यांनी तपासलं नाही. हातसुद्धा लावला नाही. "मम्मी को लेके आना, तब देखूँगी." मी उठले. मी अजून दारापर्यंत पोचले नव्हते, तेवढ्यात त्या तिथल्या आयाला म्हणाल्या, "वो कुर्सी स्पिरिट से पोंछ दे."

आयाने पुसली. बसायची जागा, पाठ, दोन्ही हात. मी उभी राहून बघितलं. मी ऑफिसचा धुतलेला सलवार-कुर्ता घालून गेले होते.

माझी आजी सांगायची. तिची आई सरदारांच्या घरी जायची तेव्हा पायरीवर बसायची. ती उठली की तिथे पाणी ओतायचे. तिच्यासमोरच. मी ऐकून घ्यायचे, जुन्या काळातली गोष्ट म्हणून. मी एम.कॉम. केलंय. इंदूरच्या पोलोग्राउंडला पंपाचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. ट्रकवाले मला मॅडम म्हणतात. आणि मी उठले की खुर्ची पुसली जाते.

आमचं घर बडा गणपतीच्या मागे, दोन खोल्या. मी आणि आई. वडील मी कॉलेजला असताना गेले. इंदूरचे मराठी म्हटलं की लोकांना दरबारातले दिवाण, फडणीस आठवतात. आमचे पणजोबाही दरबारातच होते. मोतद्दार होते. म्हणजे साहेब आत बसायचा, हे बाहेर त्याचा घोडा धरून उभे राहायचे. आई मराठी समाजाच्या ट्रस्टच्या बालवाडीत शिकवते. शिकवायची. ते पुढे येईल.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पोलीस ठाण्यात लिहून दिलंय.

ॲप मी स्वतः डाउनलोड केलं. कुणी भरीस घातलं नव्हतं. माझं वय उलटत चाललंय असं नातेवाईक म्हणत होते, आणि जी स्थळं आणत होते त्यातलं एकही मला फोनवर दोन वाक्यं सरळ बोललं नव्हतं. मला कुणीतरी हवं होतं. बोलायला हवं होतं आणि शरीरालाही हवं होतं. हे मी दबक्या आवाजात सांगणार नाही. पुरुष सांगतात तेव्हा त्याला वय म्हणतात.

ॲपवर सगळं फटाफट. दोन दिवस मेसेज, एक कॉफी, आणि माणूस आपला वाटायला लागतो. त्याची आवडती मिठाई माहीत असते, त्याच्या कुत्र्याचं नाव माहीत असतं. तो याआधी कुणाबरोबर होता, त्याने कधी टेस्ट केली का, हे माहीत नसतं. विचारलं तर माणसं चिडतात. एकाने मला लिहिलं होतं, "इतना शक है तो घर बैठो ना." बरेच जण प्रोफाइलवरच टाकतात, क्लीन, म्हणजे रोग नाही. कुणी तपासत नाही. ते स्वतःच लिहायचं आणि स्वतःच खरं मानायचं.

त्याच्याही प्रोफाइलवर होतं.

तो मराठी निघाला म्हणून मला बरं वाटलं. घरी बोलतो तसं बोलता येईल. तिसऱ्या-चौथ्या मेसेजला त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ काही आलं नाही. मग आलं, "कोई नी यार, मी हे सगळं मानत नाही." मला ते चांगलं वाटलं होतं. मोठ्या घरचा मुलगा, आयटीत नोकरी, आणि मानत नाही म्हणतो.

आम्ही त्याच्या मित्राच्या फ्लॅटवर भेटायचो. शनिवारी दुपारी, माझी हाफ डे असायची तेव्हा. कंडोम मीच न्यायचे. मेडिकलवाला ते कागदात गुंडाळायचा, वर काळी थैली, आणि माझ्याकडे न बघता द्यायचा. मी तेही सहन करायचे, कारण मला नियम मोडायचा नव्हता. माझा एकच नियम होता. त्याला पहिल्याच दिवशी सांगितला होता. त्याशिवाय नाही. तो म्हणाला होता, "हो बाबा, टीचरजी."

आणि मग एका शनिवारी मी कपडे घालताना बघितलं. कंडोम पलंगाखाली पडलेला. कोरडा. त्याने तो मधेच काढून टाकला होता आणि मला कळू दिलं नव्हतं.

मी विचारलं, "हा कधी काढलास?"

तो हसला. "अगं, त्यात मजा नाही येत. टेन्शन नको घेऊ, मी क्लीन आहे. एक गोळी घेऊन टाक."

गोळी. त्याच्या डोक्यात धोका तेवढाच होता. मूल होण्याचा. मी गोळी घेतली, घरी गेले, आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. तरी तो अधूनमधून हसरे चेहरे पाठवत राहिला. मग माझ्या ओटीपोटात दुखायला लागलं.

मी त्याला लिहिलं. भांडले नाही. फक्त लिहिलं, मला इन्फेक्शन झालंय असं वाटतं, तूही दाखवून घे. त्याचं उत्तर आलं, "मला काही त्रास नाही. म्हणजे तुझं दुसरीकडून आलंय." त्यानंतर माझा मेसेज जाईना. ॲपवरून गायब, फोनवर गायब. सहा महिने भेटलेला माणूस एका बोटाने पुसला जातो. ब्लॉकची ही सोय ॲपवाल्यांनी आमच्या सुरक्षेसाठी केलीय म्हणे. ती जास्त कुणाच्या कामाला येते ते मी बघितलं.

त्यानंतर मी त्या क्लिनिकला गेले होते.

क्लिनिकच्या बाकावर आईच्या बालवाडीतल्या एका मुलाची आजी बसलेली होती. सुनेबरोबर आलेली. मी तिला बघितलं नव्हतं, तिने मला बघितलं. संध्याकाळी मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती.

आई पोळ्या लाटत होती. वळली नाही.

"ती म्हणते ते खरं का?"

"आई, मला दुखतंय."

"दुखणारच." तिने पोळी तव्यावर टाकली. "तुझ्या बापाने मला एकटीला टाकून जाऊन बरंच केलं. त्याला हे ऐकावं लागलं नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. माझं ताट वाढलं आणि माझा पेला बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवसापासून माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर. मी म्हटलं, हे पेल्याने होत नाही आई. ती म्हणाली, "मला काय माहीत कशाने होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही." हे मात्र तिचं खरं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. आमच्या शाळेत तो धडा आला तेव्हा बाईंनी, घरी वाचून घ्या, म्हणून पान उलटलं होतं.

मग मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथे लांब कॉरिडॉरच्या टोकाला एक खोली आहे, तिच्यावरचा बोर्ड वाचायला लागू नये म्हणून लोक भरभर आत शिरतात. आत एक काउन्सिलर बसला होता, पन्नाशीचा, कंटाळलेला. त्याने सगळं विचारलं. किती जण, कधी, कंडोम होता का. आवाज असा की जसा रेशनच्या दुकानात युनिट विचारतात. त्या कंटाळलेल्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. तो म्हणाला, "रोइए मत, सैंपल देना है अभी." आतल्या डॉक्टरने तपासलं. पडदा ओढून तपासलं. रक्त घेतलं, गोळ्या दिल्या.

उठताना काउन्सिलर म्हणाला, "पार्टनर को भी दवा लेनी पड़ेगी. आदमियों में कई बार कुछ दिखता नहीं, पर आगे देते रहते हैं."

मी म्हटलं, त्याने ब्लॉक केलंय.

"सब यही बोलते हैं," तो म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली.

एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी परत करायची होती. ते तीन महिने कसे गेले ते मी सांगत नाही. दुसरीही निगेटिव्ह आली. पण ते नंतर.

त्याआधी एक दिवस आईच्या फोनवर समाजाच्या ग्रुपमध्ये फोटो आला. तो आणि एक मुलगी, मागे झेंडूच्या माळा. साखरपुडा ठरला, सर्वांचे आशीर्वाद असावेत. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. आईनेही जोडले होते. त्याचे वडील बालवाडीच्या ट्रस्टवर आहेत. माझ्याबरोबरचा तो हाच, हे आईला माहीत नव्हतं.

मी त्या मुलीकडे बघत राहिले. हसत होती. तिला कोण सांगणार होतं? तो सांगणार नव्हता. त्याला काही त्रास नव्हता ना.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पत्ता विचारायची गरज पडली नाही, समाजात ते घर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आईने दार उघडलं. गोड बाई. मला ऑफिसातली समजल्या. "ये ना, तो आंघोळीला गेलाय. बस." हातात पोह्यांची प्लेट होती, काचेची, निळ्या फुलांची, वर सेव टाकलेली. मला देता देता विचारलं, "कुणाची गं तू?"

आमच्या समाजात 'कुणाची' म्हणजे कुठल्या घराण्याची. मी आडनाव सांगितलं.

"अच्छा." प्लेट हातातच राहिली. "म्हणजे बालवाडीतल्या बाईंची. हो का." आणि मग, "थांब हं, चमचा आणते," म्हणून त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या स्टीलची बशी घेऊन. पोहे तेच. चमचा होता. बशी माझ्या हातात दिली नाही, टीपॉयवर ठेवली. हसत ठेवली.

मी हात लावला नाही.

तो आला. केस ओले, हाफ पँट. मला बघून चेहरा उतरला. "तू इथे कशाला?"

"औषधाचं सांगायला. तू ब्लॉक केलंस म्हणून यावं लागलं."

"बाहेर बोलू."

"आजवर बाहेरच बोललो."

त्याचे वडील आतून आले, हातात पेपर. काय चाललंय, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "काही नाही बाबा. एक मुलगी आहे, थोडी मागे लागलीय." मग माझ्या जवळ येऊन दात आवळून बोलला. मी ते शब्द शब्दशः सांगते, ठाण्यातही शब्दशः सांगितले. "तुमच्यात हे सगळं चालत असेल. आमच्या घरात नाही. किती जणांकडे गेलीस ते तुलाच माहीत, आणि बिल माझ्या नावावर फाडतेस."

तुमच्यात.

तोपर्यंत मी घाबरलेली होते. तो शब्द ऐकला आणि भीती गेली. मला कळलं की हा माझ्याबरोबर कधीच फ्लॅटवर नव्हता. तो 'तुमच्यात' आला होता. जिथे विचारायचं नसतं, सांगायचं नसतं, मधेच काढून टाकलं तर चालतं. 'मानत नाही' म्हणाला होता तो. मी सांगितलेलं मात्र त्याने मानलंच नव्हतं.

मी मोठ्याने बोलले. त्याच्या आईकडे आणि वडिलांकडे बघून. "काकू, काका, हा आणि मी सहा महिने भेटत होतो. माझ्या मर्जीने. कंडोमशिवाय नाही असं मी सांगितलं होतं. याने मला न सांगता तो काढला. मला रोग झालाय, माझे उपचार चालू आहेत. यालाही असणार. याला दवाखान्यात न्या. आणि लग्नाआधी त्या मुलीला सांगा."

काकूंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. काका आधी खिडकीकडे गेले, खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "ब्लॅकमेल करायला आलीस? मी पोलिसात देईन."

"चला," मी म्हटलं. "मी तुमच्या गाडीतून येते."

ते हलले नाहीत. मग मी एकटीच गेले.

ठाण्यात एक बाई होत्या, वर्दीत, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "अपनी मर्जी से गई थी?"

"हाँ."

"हर बार?"

"हर बार."

"फिर शिकायत किस बात की?"

मी म्हटलं, "मैडम, मर्जी कंडोम के साथ थी. जहाँ उसने निकाला, मेरी मर्जी वहीं तक थी."

बाजूचा हवालदार हसला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अर्ज द्या, बघू. अर्ज दिला. रिपोर्ट जोडले. पावती मागितली, दोनदा मागावी लागली. ॲपवरही तक्रार टाकली. तिकडून लगेच उत्तर आलं की तुमची सुरक्षा आमच्यासाठी सर्वात महत्त्वाची आहे. त्याची प्रोफाइल अजून आहे. ऑफिसातल्या एका मुलीच्या फोनवर मी स्वतः बघितली. नवीन फोटो, शेजारी निळी टिक. खाली लिहिलेलं, क्लीन. साखरपुडा झाल्यावरची गोष्ट आहे ही.

साखरपुड्याच्या फोटोतल्या त्या मुलीला मी शोधलं. फोटोखाली तिचं नाव होतं. मी लिहिलं, मी कोण, काय झालं, माझा नंबर. बरेच दिवस काही नाही. मग एका दुपारी डिस्पॅचच्या गडबडीत फोन आला. आवाज बारीक.

"तुम्हाला काय हवंय?"

"काही नको. त्याची टेस्ट होऊ द्या. तुम्ही रिपोर्ट स्वतः बघा."

"आमच्यात अजून काही झालेलं नाही."

"मग चांगलं आहे. होण्याआधी बघा."

ती म्हणाली, "असं कसं विचारायचं हो? होणाऱ्या नवऱ्याला?" आणि फोन ठेवला. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मला इतका राग आला. तिच्यावर नाही. शिकलेली मुलगी, नोकरी करणारी, आणि तिच्याकडे या प्रश्नासाठी वाक्य नाही. लग्न पुढे ढकललंय असं मागाहून ऐकलं. कारण आजोबांची तब्येत. खरं कारण काय ते मला माहीत नाही.

आईला बालवाडीतून सांगण्यात आलं, थोडे दिवस घरी राहा. कुणी काढलं नाही. काढलं असतं तर भांडता आलं असतं. 'पालक विचारतात', 'आपल्यालाही संस्थेचा विचार करावा लागतो', असं सगळं. किती वर्षं तिने त्या मुलांची नाकं पुसली. आता ती घरी बसून टीव्हीचा आवाज वाढवते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. "तुझ्या शरीराचे चोचले," ती एकदा म्हणाली, "आणि दार माझं बंद झालं." दार कुणी बंद केलं ते तिलाही माहीत आहे. पण त्यांच्यावर रागावणं तिला परवडत नाही. माझ्यावर परवडतं.

परवा ट्रस्टचे सेक्रेटरी घरी आले. लहानपणी मला बक्षीस दिलं होतं त्यांनी, निबंधाचं. खुर्चीत बसले, आईने चहा टाकला. ते हळुवारपणे बोलले. "बेटा, गैरसमजातून अर्ज दिला, एवढ्या दोन ओळी लिहून दे. बाई सोमवारपासून कामावर येतील. त्या लोकांचं मन मोठं आहे, ते विसरून जातील."

"ते विसरतील," मी म्हटलं. "पण त्यांचा मुलगा टेस्ट करेल का?"

"ते विषय कशाला काढायचे. मुलगा आहे, चूक होते." त्यांनी आईकडे बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर तोंडाशी. तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, लिहून दे. मी ते वाचलं. मला तिची कीव आली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम.

"बेटा," सेक्रेटरी म्हणाले, "ठाणं, कोर्ट, यात बदनामी कुणाची होणार? विचार कर. मुलीचीच होते."

"माझी झाली काका," मी म्हटलं. "करून टाकलीत तुम्ही. आता त्याची बाकी आहे."

ते चहा अर्धा ठेवून उठले. आई कप उचलायला आली नाही.

सोमवारी बयान आहे, माझा जबाब लिहून घेणार. ठाण्यातल्या त्या बाईंचाच फोन आला होता. मी ऑफिसात सुट्टीचा अर्ज टाकला. कारण काय लिहू, क्लार्कने विचारलं, तब्येत टाकू का?

मी म्हटलं, "नाही. पोलीस ठाणे लिहा."